दोन दिवसांचा कॅनोपी कोर्स: ४३ जंप मी वाऱ्यालाच शिव्या घातल्या

आधीच सांगतो, मी काही मोठा स्कायडायव्हर वगैरे नाही. विमानातून ४३ जंप झालेल्या, ए लायसन्स (सगळ्यात पहिलं) २५ ला मिळालेलं, आणि कॅनोपी म्हणजे उघडलेलं पॅराशूट चालवायच्या ह्या कोर्सला गेलो ते शिकायची लय हौस होती म्हणून नाही तर कार्डावर सही पाहिजे होती म्हणून. युएसपीएच्या (अमेरिकेची स्कायडायव्हिंग संघटना) नियमात पुढच्या बी लायसन्सला किमान ५० जंप लागतात आणि शिवाय कॅनोपी कोर्स केल्याची सही लागते, ती नसेल तर बाकी सगळं असून बसा बोंबलत. म्हटलं दोन दिवस जाऊन बसू, मान डोलवू, सही घेऊ आणि येऊ.

माझं उतरणं कसं होतं ते पण सांगून टाकतो कारण त्याशिवाय ह्या रिव्ह्यूला काही अर्थ नाही. दहातल्या सहा वेळा गुडघ्यावर किंवा ढुंगणावर, आणि जवळपास दर वेळी उजवीकडे कलंडून. पँटचा उजवा गुडघा कायम हिरवा. कोणी विचारलं तर उत्तर तयार असायचं, "अरे शेवटच्या क्षणी बाजूने वारा आला ना." आणि मी खोटं बोलत नव्हतो बरं का, मला खरंच तसंच वाटायचं.

कोर्स असा आहे की दोन दिवस, सहा जणांची बॅच, एक कोच, आणि प्रत्येकाच्या पाच हॉप अँड पॉप, म्हणजे ५,००० फुटांवरून उडी मारायची आणि लगेच कॅनोपी उघडायची. फ्रीफॉलची मजा शून्य. पण कॅनोपीखाली भरपूर वेळ मिळतो आणि प्रत्येक जंपला एकच ठरवलेलं काम असतं. उतरताना खालून प्रत्येकाचा व्हिडिओ काढतात आणि मग मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांसमोर तो दाखवतात, ज्याच्यासाठी मनाची तयारी करून जा.

कोच बाई पहिल्या तासाला म्हणाल्या की तुम्ही सगळे पॅराशूट उघडलं की सुटलो असं समजता ना, तिथेच घोळ आहे. १९९१ ला सायप्रेस आलं, म्हणजे ते छोटं यंत्र जे तुम्ही खाली येऊनही जोरात पडतच असाल तर स्वतःच रिझर्व्ह म्हणजे राखीव पॅराशूट उघडतं, त्यामुळे हँडल ओढलंच नाही म्हणून मरणारे कमी झाले. पण मग धडधाकट, पूर्ण उघडलेल्या, काहीच बिघाड नसलेल्या कॅनोपीखाली जमिनीवर आदळणारे डोळ्यात भरायला लागले. तुम्ही पन्नास फुटांवर घाबरून एक टॉगल (कॅनोपी वळवायची हातातली मूठ, दोन्ही हातांत एकेक) खाली खेचलात तर ते यंत्र तुमच्यासाठी काहीही करू शकत नाही. थ्री-रिंग रिलीज (बिघडलेलं मुख्य पॅराशूट झटकन सोडून द्यायची सोय) बनवणाऱ्या बिल बूथचं पण साधारण हेच म्हणणं आहे की सामान जितकं सुरक्षित होतं तितकी माणसं जास्त धोका पत्करतात आणि मेळ तिथल्या तिथेच राहतो. वर्गात एकदम शांतता. मी मनात म्हटलं झालं, आता दोन दिवस भीती घालणार. पण तसं झालं नाही, ते एवढंच बोलून त्यांनी पट्टी आणि पाण्याची बाटली काढली.

तर ती पट्टी. शाळेतली तीस सेंटीमीटरची पट्टी आडवी धरली, तिला दोऱ्या बांधून खाली अर्धी भरलेली बाटली टांगली, आणि हात पुढे नेत नेत चालायला लागल्या. पट्टी म्हणजे पंख, बाटली म्हणजे तुम्ही. मग हात एकदम आखडला. पट्टी थांबली, बाटली वेगात होती ती पुढे झुलली, आणि दोऱ्या ताणल्या गेल्याने पट्टीचं पुढचं टोक आपोआप वर उचललं गेलं. बस, हा फ्लेअर, म्हणजे उतरताना शेवटी दोन्ही टॉगल खाली ओढतात ते. मी २५ जंप करून लायसन्स घेतलेला माणूस आणि मला तोपर्यंत वाटत होतं की टॉगल खाली ओढणं म्हणजे सायकलचा ब्रेक दाबणं. ब्रेक नाहीच तो. तुम्ही पंखाची मागची कड खाली ओढता, पंख मंदावतो, तुम्ही त्याच्या पुढे झुलता, पंखाचं नाक वर होतं आणि थोडा वेळ तो जमिनीला समांतर उडतो. त्या थोड्या वेळातच उतरून घ्यायचं असतं. आणि झुलायला वेग लागतो, म्हणून फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, भीतीपोटी आधीच थोडे ब्रेक धरून (टॉगल ओढून धरण्याला म्हणतात मात्र ब्रेकच) येणारा माणूस (म्हणजे मी) स्वतःच्याच हाताने फ्लेअरची ताकद काढून घेत असतो. पूर्ण वेगात या, हात पूर्ण वर, मग ओढा.

दुसरी गोष्ट जिने माझं डोकं फिरलं ती म्हणजे प्राधान्यक्रम. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की उतरताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला उतरणं. चूक. पहिलं म्हणजे पंख सपाट आणि दिशा सरळ. दुसरं, मोकळी जागा, समोर काही नाही. तिसरं, निदान अर्ध्या ब्रेकपर्यंत तरी फ्लेअर. आणि मग पीएलएफची तयारी, म्हणजे पाय-गुडघे जुळवून लोळण घेणं. वाऱ्याच्या तोंडाला उतरणं ह्यात पहिल्या तिनात नाहीच. बाजूच्या वाऱ्यात उतरलात तर धावाल, पडाल, वारा पाठीमागून असेल तर जोरात घसराल, खरचटेल, फार तर काहीतरी मोडेल. पण वाऱ्याच्या तोंडाला वळायच्या नादात खाली आल्यावर टॉगल खेचलंत की कॅनोपी कलते, तुम्ही बाजूला फेकले जाता, कॅनोपी नाक खाली करून डाइव्ह मारते, आणि तिला परत तुमच्या डोक्यावर यायला जी उंची लागते ती तुमच्याकडे नसते. बाईंचं वाक्य होतं, "वाकडं उतरा पण वळत उतरू नका." हे मी अल्टीमीटरच्या पट्ट्यावर आतून मार्करने लिहून ठेवलंय.

पहिल्या जंपला स्टॉल होता, म्हणजे कॅनोपी इतकी मंद करायची की ती उडणंच सोडते. वर, २,५०० फुटांच्या बऱ्यापैकी वर असताना, आजूबाजूला खाली मागे कोणी नाही ना बघून, दोन्ही टॉगल हळूहळू पूर्ण खाली आणि धरून ठेवायचं. माझ्याकडे भाड्याचं नॅव्हिगेटर २२० (२२० चौरस फुटांचं कॅनोपी) होतं, विद्यार्थ्यांना देतात ते, बिचारं इतकं सोशिक की सहज स्टॉल होईना. हात पूर्ण सरळ करून मी ते धरलं आणि काय झालं तर आधी आवाज गेला. कानाशी सतत जो वाऱ्याचा घोंघाट असतो तो कमी कमी होत एकदम बंद, इतकी शांतता की लेग स्ट्रॅपची करकर ऐकू आली, मग कॅनोपी थरथरली, आणि मागून कोणीतरी खुर्ची ओढून घ्यावी तसं वाटलं. सोडताना सावकाश सोडायचं, एकदम नाही, नाहीतर ती पुढे झेप घेते. तीनदा केलं. तिसऱ्यांदा मला कळलं की माझ्या कॅनोपीचा फ्लेअर खरा कुठे संपतो, तर तो जवळपास मांडीच्या बाजूला संपतो, आणि मी इतके दिवस छातीच्या थोडं खाली थांबत होतो! म्हणजे अर्धा फ्लेअर वापरलाच नव्हता. निम्मं धुणं पिळून वाळत घालण्यासारखं.

दुसरी जंप रिअर रायझरची, म्हणजे खांद्यापासून कॅनोपीच्या दोऱ्यांकडे जाणाऱ्या मागच्या पट्ट्यांची. कॅनोपी उघडल्या उघडल्या समोर कोणी आलं तर टॉगल सोडवत बसू नका, मागचे रायझर धरून वळवा, ते सगळ्यात पटकन होतं. ब्रेकची दोरी तुटली किंवा टॉगल अडकला तर रायझरने उतरता येईल का हे पण वरच बघून ठेवायचं. हात लय दुखले. एवढंच.

आता मूळ मुद्द्यावर येतो, पहिल्या दिवसाचा डीब्रीफ. माझा व्हिडिओ लागला. मी नेहमीप्रमाणे आलो, नेहमीप्रमाणे उजवीकडे कलंडलो, गुडघा, कोपर, गवत. बाईंनी विचारलं काय झालं. मी म्हटलं शेवटी वारा आला बाजूने. त्या काही बोलल्या नाहीत, व्हिडिओ मागे नेला आणि थांबवला. "मागे विंडसॉक बघ." मागे, माझ्या डाव्या खांद्याच्या वर, विंडसॉक होता, वारा दाखवणारी ती कापडी नळी. निपचित. दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखा लटकलेला. वर्गातलं कोणीतरी फिसकन हसलं आणि मग मी पण हसलो कारण दुसरं करणार काय.

मग त्यांनी एकेक फ्रेम पुढे नेली. जमिनीपासून साधारण दहा-बारा फुटांवर माझी मान खाली जाते. मी समोर नाही, पायाखाली बघतोय. पुढच्या दोन-चार फ्रेममध्ये माझा उजवा हात शरीरापासून सुटून बाहेर जातो, तळवा उघडायला बघतोय, अगदी पायरी चुकल्यावर आपण कठडा शोधतो तसा. पण त्या हातात टॉगल आहे ना! हात बाहेर आणि खाली गेला की उजवा टॉगल जास्त ओढला जातो, कॅनोपी उजवीकडे वळते, उजवीकडची जमीन जवळ येते, मग हात आणखी तिकडे जातो, मग ती आणखी वळते. चक्र. ४३ जंप मी हेच करत होतो आणि ४३ जंप वाऱ्याला शिव्या घालत होतो. वारा बिचारा तिथे नव्हताच.

ह्यावरचा उपाय म्हणून जो सांगितला तो ऐकायला अगदी पोरकट आहे. दोन्ही मुठी एकमेकींच्या जवळ ठेवून शरीराच्या समोरून खाली आणायच्या, जवळपास शिवतील इतक्या जवळ, म्हणजे एक हात पळालाच तर लगेच कळतं. नजर समोर लांब, जमीन डोळ्याच्या खालच्या कडेने दिसू दे. पाय आणि गुडघे जुळलेले. संध्याकाळी आम्हाला एकेकाला टांगत्या हार्नेसमध्ये लटकवून हे करायला लावलं, आणि रात्री खोलीत पन्नास वेळा करा म्हणाल्या. मी केलं. माझ्या रूममेटने दार उघडून बघितलं, मी डोळे मिटून दोन्ही हात वरून खाली आणतोय, तो काही न विचारता दार लावून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा (खराखुरा) इतका होता की चार तास नुसतं बसून काढले. ह्याचा दोष कोणाला देता येत नाही पण तेवढ्या वेळात काहीतरी शिकवता आलं असतं, सामान तपासणं थोडंफार झालं, बाकी टाइमपास. तपासणीत एक कामाची गोष्ट निघाली, बॅचमधल्या एका मुलीच्या ब्रेकच्या दोऱ्या आखूड होत्या. पूर्ण वर हात असताना त्या दोऱ्यांना मागे थोडा झोल दिसला पाहिजे, तिच्या व्हिडिओत तो नव्हता, कॅनोपीची मागची कड सतत थोडी ओढलेली, म्हणजे ती दर वेळी ब्रेक दाबूनच उडत होती आणि फ्लेअरला जीव का नाही म्हणून स्वतःला कोसत होती. रिगरने, म्हणजे पॅराशूट दुरुस्त करणाऱ्याने, दोऱ्या वाढवून दिल्या. तिची त्यानंतरची पहिली लँडिंग उभ्याने. मला थोडा हेवाच वाटला, की माझ्या पण दोऱ्या आखूड निघाल्या असत्या तर!

तिसरी जंप ब्रेकमधल्या सपाट वळणांची. दोन्ही टॉगल अर्धे खाली धरून मग एक थोडासा वर सोडायचा, कॅनोपी जवळजवळ न कलता वळते आणि उंची फार कमी जाते. खाली आल्यावर अचानक समोर कुंपण किंवा माणूस दिसला तर हेच वळण वापरायचं, एक टॉगल खेचायचं नाही. हे हाताला इतकं मुरलं पाहिजे की घाबरल्यावर हेच निघालं पाहिजे, कारण घाबरल्यावर डोकं चालत नसतं. आणि ज्या खांबाला धडकायचं नाही त्या खांबाकडे बघायचं नाही, मोकळ्या जागेकडे बघा, माणूस बघतो तिकडे जातो. हे सांगायला सोपं आहे, खांब दिसल्यावर करून दाखवा.

शेवटच्या दोन जंप पॅटर्न (उतरायचा ठरलेला मार्ग) आणि अचूकता. १,००० फुटांवर डाउनविंड (वाऱ्यासोबत), ६०० ला बेस (वाऱ्याला आडवं), ३०० ला फायनल (वाऱ्याच्या तोंडाला), हे सगळ्यांना माहीतच असतं. वारा जास्त असेल तर फायनल छोटी ठेवा, नाहीतर जागेच्या अलीकडेच उतराल, हे पण माहीत असतं. मला जे माहीत नव्हतं ते म्हणजे आपण नक्की कुठे उतरणार हे कसं ओळखायचं. फायनलवर समोरच्या जमिनीकडे बघत रहा. लांबच्या गोष्टी नजरेत वर वर सरकतात, जवळच्या खाली खाली जातात, आणि मध्ये एक जागा अशी असते की जी वरही जात नाही आणि खालीही जात नाही. तुम्ही तिथे जाणार. फ्लेअरमुळे थोडं पुढे, पण तिथेच. चौथ्या जंपला मला ती जागा दिसली आणि अक्षरशः अंगावर काटा आला. इतके दिवस ती तिथेच होती ना माझ्यासमोर. अर्थात ती जागा बघण्यात इतका रमलो की फ्लेअर लवकर सुरू झाला, वीस फुटांवर वगैरे, आणि जुन्या सवयीने हात परत वर सोडणारच होतो. तो सगळ्यात वाईट प्रकार, वर सोडलं की कॅनोपी पुढे डाइव्ह मारते. सकाळीच सांगितलेलं आठवलं, लवकर झालं तर आहे तिथे थांब, धरून ठेव, आणि अगदी शेवटी राहिलेलं पूर्ण कर. धरलं, दाणकन आलो, लोळलो, उठलो. उजवा गुडघा स्वच्छ, पण पाठ पूर्ण हिरवी.

अचूकतेचं सांगायचं तर ए ला पाच वेळा २० मीटरच्या आत उतरावं लागतं, बी ला दहा वेळा १० मीटरच्या आत. मी शेवटच्या दोन जंपला एकदा आठ आणि एकदा चौदा. स्पर्धेतले अ‍ॅक्युरसीवाले लोक दोन सेंटीमीटरच्या ठिपक्यावर टाच मारतात. ते वेगळ्याच जातीचे प्राणी आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला नको.

तक्रारी आहेत. सहा जणांना एक कोच कमी पडतो, दोघांच्या एकेक लँडिंगचा व्हिडिओ निघालाच नाही कारण सगळे पाठोपाठ आले आणि कॅमेरा एकच. व्हिडिओ हाच ह्या कोर्सचा जीव आहे तर तिथे कंजुषी का. जंपची तिकिटं फीमध्ये धरलेली नाहीत हे बुकिंग करताना कुठेतरी बारीक अक्षरात आहे, नीट वाचा. "सर्व लेव्हलसाठी" म्हणून जाहिरात करतात पण आमच्यात ३०० जंपवाला एक भाऊ होता त्याला स्वूपिंग (वेगात येऊन जमिनीलगत उडणं) शिकायचं होतं, तो सारखा फ्रंट रायझर फ्रंट रायझर करत राहिला, आमचा पण वेळ गेला आणि त्याच्या हाती पण काही लागलं नाही. वाऱ्याच्या आडोशाचं म्हणजे टर्ब्युलन्सचं प्रकरण तर दहा मिनिटांत गुंडाळलं. झाडांच्या-इमारतींच्या मागे, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, त्यांच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत हवा खराब असू शकते, म्हणजे ३० फुटी हँगरच्या मागे ६०० फुटांपर्यंत! ह्यावर अर्धा तास तरी हवा होता.

आणि हो, कॅनोपी छोटं करायचा विषय. मी १७० घ्यायच्या विचारात होतो, एक वापरलेलं मिळत होतं, रंग पण मस्त होता. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. सगळं सामान धरून माझं वजन ९० किलो, म्हणजे १९८ पाउंड. २२० वर लोडिंग, म्हणजे दर चौरस फुटामागे पाउंड, ०.९, १९० वर साधारण १.०४, १७० वर १.१६. आणि नुसता आकडा नाही, छोट्या कॅनोपीच्या दोऱ्या पण आखूड, त्यामुळे तीच चूक केली तरी ती जास्त पटकन वळते. मग मला एवढंच विचारलं, "ह्या २२० वर आडव्या वाऱ्यात उभ्याने उतरतोस का?" उत्तर सगळ्यांना व्हिडिओत दिसलेलंच होतं. १७० दुसऱ्या कोणीतरी घेतलं. मी १९० ला पण अजून गेलेलो नाही.

कोणी जावं विचाराल तर ए लायसन्स झालं की लगेच जा, ५० ची वाट बघू नका, चुकीची सवय ४३ जंप पक्की करून मग सोडवायला जाण्यात काही शहाणपणा नाही. भाड्याचं का होईना पण नेहमी वापरता तेच कॅनोपी घेऊन जा. ३०० च्या पुढचे असाल तर आधी फोन करून विचारा की बॅच कोणाची आहे. पाचपैकी चार स्टार, एक कॅमेऱ्याचा कापला.

सही मिळाली अर्थात. ५० पण झाल्या. मागच्या आठवड्यात फायनलवर होतो, दोनशे फुटांच्या आसपास, आणि विंडसॉक बघता बघता आडवा फिरला. हाताला खाज सुटली होती वळायला, नाही वळलो, पंख सपाट ठेवला, मुठी जुळवल्या, आडवाच उतरलो, चार पावलं पळालो आणि शेवटी गुडघ्यावर. डावा गुडघा, नोंद घ्यावी. कॅनोपी गोळा करत होतो तेवढ्यात रूममेट आला, म्हणाला, काय रे, परत? मी म्हटलं बाजूने वारा आला. तो हसायला लागला. खरंच आला होता राव, व्हिडिओ आहे माझ्याकडे, विंडसॉकसकट.